हार्विचच्या विहीणबाईंचा नेम

द हेग, ३ मार्च २०२५

सौ. सुचित्राताई यांस,

सप्रेम नमस्कार. हे निषेधपत्र आहे, याची नोंद घ्यावी.

गेल्या रविवारी मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर एक निमंत्रण धाडलं. माझा गौरव आणि तुमची प्रांजली यांच्या बेस्ट गावातल्या घरी, ११ मेला, प्रांजलीचं डोहाळजेवण. निमंत्रणात मी कमळं घातली, पाळणा घातला, चार ओळी स्वतः रचून घातल्या. त्यातल्या दोन तर यमकातही होत्या. त्यावर तुमच्याकडून काय आलं? एक अंगठा. पिवळा. पुढे शब्द नाही, मागे अक्षर नाही.

सुचित्राताई, विहिणीला अंगठा! आमच्या घराण्यात अंगठा दोनच वेळा वर येई. एक, सही येत नसेल तेव्हा. दोन, कुणाला काही द्यायचं नसेल तेव्हा. तुम्ही एम.ए. आहात, तेव्हा पहिली शक्यता बाद.

आमचा जयप्रकाश म्हणतो, “अगं, तो होकार असतो.” मी म्हटलं, पस्तीस वर्षांच्या संसारात तू मला कधी असा होकार दिलास का?

म्हणून आता कागदावर लिहिते आहे. यावर अंगठा उमटवायचा तर निदान शाईत तरी बुडवावा लागेल.

थट्टा पुरे. इथल्या हुक ऑफ हॉलंड बंदरात दुपारी बोटीत बसलं की संध्याकाळी इंग्लंडातलं तुमचं हार्विच. तेवढ्याच वेळात उलट दिशेनेही येता येतं, असं ऐकून आहे. मुलांच्या लग्नाला दोन वर्षं झाली, प्रांजलीला पाचवा लागला, आणि तिच्या आईने अजून तिचं घर पाहिलेलं नाही. ती काही बोलत नाही. पण परवा भेंडी चिरताना, मान वर न करता म्हणाली, “आईला वेळच नसेल.” मी म्हटलं, “असेल असेल.” नसेल म्हणायचं होतं की असेल, ते माझं मलाच कळलं नाही.

येणार की नाही, कळवावं. अक्षरांत.

शर्मिला

---

हार्विच, १४ मार्च

सौ. शर्मिलाताई,

अंगठा माझा नव्हता, दिनकररावांचा होता. पोळ्या लाटताना फोन त्यांच्या हाती दिला, तेवढ्यात झालं. आमचे हे बंदरावर क्रेनच्या कामात. तिथे अंगठा वर केला की त्याचा अर्थ “उचला”. तेव्हा तुमचं निमंत्रण सन्मानाने उचललं गेलं, असं समजावं. चारही ओळी वाचल्या. यमक दोन ओळींतच आहे हे तुम्ही स्वतः सांगितलंत, हा तुमचा मोठेपणा.

येण्याचं म्हणाल तर एक अडचण आहे. आमच्याकडे जुना नेम आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. माझ्या आजेसासूबाई ऐन वैशाखात सात कोस बैलगाडीने गेल्या, दारातच लेकीची ओटी भरली आणि घोटभर पाण्याशिवाय परत फिरल्या. मी काही त्यांच्याहून मोठी नाही.

त्यापेक्षा तुम्ही सगळे इकडे या. डोहाळजेवण बागेतलं असतं, नावेतलं असतं, चांदण्यातलं असतं. तिन्हींची सोय आमच्या आसपास आहे, फक्त कुणाला ठाऊक नाही. बोटीतून लोक उतरतात आणि थेट लंडनची गाडी धरतात. आमचं गाव त्यांना नुसता फलाट वाटतं.

शेजारी डोव्हरकोर्टला किनाऱ्यावर दोन जुनी, आता विझलेली दीपगृहं आहेत, लोखंडी पायांवर उभी. ओहोटी लागली की लांबच्याच्या दिशेने एक फरसबंद वाट वर येते, जणू दीपगृहाने पाय सोडून बसायला जागा केली. थोडं आत गेलं की मिस्टली. तिथे चर्चचे दोन मनोरे आहेत आणि मध्ये चर्चच नाही, ते पाडून टाकलं. मधल्या हिरवळीवर पाट मांडला की झालं बागेतलं. आणि रॅबनेसला एक एवढंसं चर्च आहे, त्याची घंटा वर नाही, अंगणात लाकडी पिंजऱ्यात ठेवलेली आहे. प्रांजलीला आवडेल. लहानपणी ती देवळात आधी घंटेखाली जाऊन उभी राहायची, उचलून घेईपर्यंत हलायची नाही.

विचार करावा.

आपली,
सुचित्रा

---

द हेग, २२ मार्च

सुचित्राताई,

नेमाबद्दल वाचून ऊर भरून आला. एवढा कडकडीत नेम, आणि लग्नानंतर पुण्यात आमच्या घरी तुम्ही तीन दिवस राहिलात, श्रीखंड दोनदा घेतलंत! मी मोजत नव्हते, वाढत होते. की ते घर माझं म्हणून चाललं, लेकीचं असतं तर नसतं चाललं? नेमातली ही पळवाट मला लेखी कळवावी. माझ्याही उपयोगी पडेल.

तुमच्या प्रेक्षणीय स्थळांचा विचार केला. पायांवर उभी दीपगृहं, ज्यांत दिवा नाही. चर्चचे मनोरे, ज्यांना चर्च नाही. घंटा, जिला अटक झालेली आहे. तुमच्या भागात सगळं काही आहे, फक्त जे असायला हवं ते सोडून. अशा ठिकाणी माझ्या सुनेला सातव्या महिन्यात हिरवी साडी नेसवून बसवायचं, आणि वर वारा! तो वारा मला माहीत आहे. आमच्याकडे श्वेवेनिंगनच्या किनाऱ्यावर तोच येतो, तुमच्याकडून वापरून झाल्यावर.

शिवाय प्रांजलीला येता येणार नाही. पासपोर्ट तुमच्या इंग्लंडच्या व्हिसासाठी पाठवला तर किती दिवस अडकेल सांगता येत नाही, आणि तिच्या इथल्या परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आहे. सुईणबाईंनीही नको म्हटलंय. हो, इथे गरोदर बाईकडे सुईण बघते, सायकलवरून येते, आणि “सगळं छान आहे” एवढंच सांगून जाते. इथे राहून पंचवीस वर्षं झाली, तरी असल्या सुईणींवर माझा विश्वास बसलेला नाही.

तेव्हा तिला अडचणी तीन. तुम्हाला एकच, आणि तीही घरी बनवलेली.

स्पष्टच विचारते. डोहाळजेवणाच्या निमित्ताने लेकीला तिकडे नेऊन पुढे बाळंतपणही माहेरीच, असा तर बेत नाही ना? असेल तर सांगून टाका. भांडायला मला तयारी लागते.

शर्मिला

---

हार्विच, २ एप्रिल

शर्मिलाताई,

श्रीखंड दोनदा घेतलं कारण पहिल्यांदा वेलदोडा लागलाच नाही. मला वाटलं तळाशी असेल.

बाळंतपणाचा बेत वगैरे काही नाही. तुमच्याकडे बाळंतिणीची सरकारमान्य बाई घरी येऊन आठ दिवस सगळं करते म्हणे. आई कशाला हवी तिथे.

एक जागा सांगायची राहिली होती. दक्षिणेला वॉल्टनच्या टोकाला नेझ म्हणून कडा आहे. दर वर्षी थोडा थोडा समुद्रात ढासळतो. पायथ्याशी वाळूत शार्कचे दात सापडतात, पाच कोटी वर्षांपूर्वीचे. मला मागच्या आठवड्यात एक मिळाला. एवढा काळ गेला तरी धार कायम. तुमची आठवण झाली.

वरून खूप लांबवर दिसतं. हवा स्वच्छ असली तर येणारी-जाणारी सगळी जहाजं दिसतात.

एकदा येऊन बघा तरी.

सुचित्रा

---

द हेग, ९ एप्रिल

सुचित्राताई,

दाताचा उल्लेख पोचला. जयप्रकाश इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मी दिलं नाही.

ईस्टरच्या सुट्टीत मी येत आहे, एकटी. तुमची स्थळं नजरेखालून घालीन आणि मगच बाद करीन, म्हणजे अन्याय केला असं व्हायला नको. माझा कसलाही नेम नाही. तुमच्या घरी मी जेवीन, पाणी पिईन, आणि वेलदोड्याबद्दल मत देईन.

शर्मिला

---

हार्विच, २६ एप्रिल

शर्मिलाताई,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं प्रांजलीकडून कळलं. तिने हेही सांगितलं, की “सासूबाई तिकडून आल्यापासून गप्प आहेत, तू त्यांना खायला काय घातलंस?”

मला तुमच्यावर रागवायचं आहे, म्हणून लिहिते आहे.

शुक्रवारी तुम्ही अगदी ठीक होतात. डोव्हरकोर्टला त्या दीपगृहाच्या वाटेवर शेवाळावरून घसरलात, चिखलात बसलात आणि बसल्या बसल्या म्हणालात, “हे तुमचं नावेतलं डोहाळजेवण असेल तर नाव कुठाय?” मिस्टलीला हंस तुमच्या मागे लागले, तेव्हा तुम्ही त्यांना मराठीत जे सुनावलंत ते मी इथे लिहीत नाही. मला बरं वाटत होतं. घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याशी मनापासून भांडत होतं.

शनिवारी रॅबनेसला मी थर्मास आणायला गाडीकडे गेले, आणि परत आले तर तुम्ही बदललेल्या होतात. त्या घंटेच्या पिंजऱ्याशी दिनकरराव तुमच्याशी काय बोलले, ते त्यांनी रात्री कबूल केलं. या माणसाला अंगठ्याचीच भाषा बरी. तोंड उघडलं की सगळं सांडतं.

तेव्हा आता माझ्याकडून ऐका. नेम वगैरे काही नाही. माझी आई माझ्या लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात माझ्या घरी पिठलं-भात खाऊन दुपारी घोरली होती. बैलगाडीवाल्या आजेसासूबाई मी तुमच्यासाठी केल्या. मला तिकडचा व्हिसा दोनदा नाकारला. नोकरी नाही, स्वतःची मिळकत नाही, एकुलती एक मुलगी तिकडे, तेव्हा ही बाई परत येईल याची खात्री वाटत नाही, असं कळवलं. मी नाशिकला होते तेव्हा एवढ्या लांबूनही मिळाला असता कदाचित. आता मध्ये फक्त पाणी आहे, तर मिळत नाही.

पहिल्यांदा नाकारला तेव्हा प्रांजलीच्या परवान्याचं चाललं होतं. तिला उगीच घोर नको म्हणून बोलले नाही. दुसऱ्यांदा लाज वाटली. “आमच्याकडे पद्धत नाही” म्हटलं की माणसं मान डोलावतात. “मला येऊ देत नाहीत” म्हटलं की बिचारी म्हणतात. मला विहिणीसमोर बिचारी व्हायचं नव्हतं. आता लेकीला वाटतं आईला वेळ नाही, किंवा आई हट्टी आहे. चालेल. त्यातल्या त्यात हट्टी बरं.

तर राग याचा, की शनिवारी दुपारपासून रविवारी बोटीत चढेपर्यंत तुम्ही मला एकही टोमणा मारला नाहीत. आमटी खारट झाली होती, मी मुद्दाम तशीच ठेवली, तुम्ही “छान आहे” म्हणून दोनदा घेतलीत. ते मला फार लागलं.

प्रांजलीला काही सांगू नका.

सुचित्रा

---

द हेग, ९ मे

सुचित्राताई,

तुमची तक्रार रास्त आहे. थकलेले टोमणे एकदम पाठवते, पावती द्यावी. आमटी खारट नव्हती, ती समुद्रातूनच काढली होती. पाहुण्यांच्या खोलीतली गादी ही तुमच्या भागातल्या ढासळत्या कड्यांपैकीच एक. आणि तुमच्या घरात घड्याळं चार, चारांच्या वेळा चार. माणसाने जेवावं कधी?

आता माझं ऐका. तुमच्या सगळ्या जागा मी पुन्हा मनातून फिरून आले. मिस्टलीचे मनोरे सोडले, तर प्रत्येक ठिकाणी तुम्ही मला दीपगृह किंवा घंटा दाखवत होतात आणि स्वतः मात्र पाण्याकडे बघत होतात. नेझवर मी तुमच्याशी दगडांबद्दल बोलत होते. तुम्ही मध्येच म्हणालात, “आज उशीर झाला तिला.” मला वाटलं, तुमची कुणी मैत्रीण यायची आहे. थोड्या वेळाने बोट गेली. आमच्याकडे येणारी. मग तुम्ही म्हणालात, “हं, तुम्ही काय म्हणत होता?”

मी मूर्ख आहे, सुचित्राताई. माझा पासपोर्ट इतकी वर्षं इथला, लाल आहे, की सुनेच्या व्हिसाची अडचण सांगतानाही तुम्हाला तो लागत असेल हे डोक्यात आलं नाही. हे एकदाच लिहिते. पुन्हा म्हणणार नाही, आणि तुम्हीही हे पत्र कुणाला दाखवायचं नाही.

मंगळवारी मी इथल्या खेमेंटेत, म्हणजे आमच्या नगरपालिकेत गेले. पाहुण्याच्या राहण्याचा, खर्चाचा हवाला देण्याचा एक कागद असतो. तो तिथे त्यांच्यासमोर सही करून शिक्क्यानिशी घ्यावा लागतो. खिडकीत एक तरुण होता, फार सभ्य.

“पाहुण्या तुमच्या कोण?”

“माझ्या मुलाच्या बायकोची आई.”

“म्हणजे नातेवाईक?”

“नातेवाईकांपेक्षा जास्त.”

“मग मैत्रीण?”

मी इतक्या जोरात “छे!” म्हटलं की मागच्या रांगेतल्या बाईने पिशवी छातीशी धरली. त्या मुलाला मी समजावलं. जिच्याशी रक्ताचं नातं नाही, जिला आपण निवडलेलं नाही, जी आपल्या श्रीखंडात वेलदोडा शोधते, आणि तरी जिच्यासाठी माणूस सुट्टी काढून रांगेत उभा राहतो, ती. तो विचारात पडला. म्हणाला, “तुमच्याकडे यासाठी एक शब्द आहे?” मी म्हटलं, आहे, पण तुमच्या चौकोनात मावणार नाही. शेवटी त्याने “कुटुंब” लिहिलं आणि शिक्का मारला. जयप्रकाशचीही सही लागते म्हणून त्याला कचेरीतून बोलावून घेतलं होतं. कशावर सही करतोय हे त्याने विचारलं नाही. संसार असा असावा.

कागद यासोबत आहे. माझं आमंत्रण, जयप्रकाशच्या पगाराच्या पावत्या, सुईणबाईंचं पत्र, सगळं जोडलंय. दिनकररावांना म्हणावं, त्यांच्या नोकरीचं आणि घराचं सगळं तुम्ही जोडा, म्हणजे परत न येण्यात तुमचं किती नुकसान आहे ते दिसू दे. तिसऱ्यांदा अर्ज करा. लाजू नका. लाजायचं त्यांनी.

डोहाळजेवण पुढे ढकललं आहे. पंचांगात मेमध्ये दिवस नाही, आठव्यात करत नाहीत, तेव्हा १५ जूनला, नवव्यात, असं मी जाहीर केलं. जयप्रकाशने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. घरात पंचांग नाही हे त्याला माहीत आहे.

शर्मिला

---

हार्विच, २ जून

शर्मिलाताई,

टोमणे पोचले, तिन्ही. मन हलकं झालं. गादी बदलली आहे, कारण ती खरोखरच तशी होती.

व्हिसा आला. दिनकररावांनी पाकीट फोडलं आणि खिडकीतून मला अंगठा दाखवला. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, तिथेच खाली बसले. तेरा तारखेच्या, शुक्रवारच्या बोटीने येते. एकटीच. यांना रजा नाही.

पण आता नवीनच पेच. प्रांजलीला कळवलं, तर रडली, हसली, आणि दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: “आई, तुझ्या नेमाचं मी सगळं बघितलंय. जवळच हॉटेल बुक केलंय. आमच्या घरी तू पाणीसुद्धा घेऊ नकोस, मी बाहेरून मागवीन. तुझा नियम मोडायला नको माझ्यामुळे.”

दोन वर्षं वाट पाहून लेकीच्या गावी जायचं आणि हॉटेलात झोपायचं! खरं सांगावं तर नवव्या महिन्यात तिला हे सगळं ऐकवायचं. न सांगावं तर मीच रचलेल्या आजेसासूबाई मला बाहेर झोपवतात.

सुचवा काहीतरी.

सुचित्रा

---

द हेग, १७ जून

सुचित्राताई,

रविवारचं सगळं तुमच्यासमोरच घडलं. पण तुम्ही रडण्यात गुंतला होतात, त्यामुळे अर्धं सुटलं असेल. म्हणून वृत्तांत.

गौरवने शेजाऱ्यांची बाकफिट्स मागून आणली होती, ती पुढे लाकडी खोका असलेली लांब सायकल. खोक्याला झेंडूच्या माळा, हिरवं कापड, शीड म्हणून माझी जुनी नारायणपेठ. नावेतलं डोहाळजेवण, बेस्टच्या मागच्या अंगणात. नवव्या महिन्यातली बाई त्यात बसवायला तिघं लागली आणि काढायला पाच, तरी ती महाराणीसारखी दिसत होती.

तुम्ही मात्र दोन रात्री हॉटेलात काढून फाटकाशीच उभ्या. हातात ओटीचं सामान, पायात चपला. प्रांजली नावेतून ओरडली, “आई, आत ये ना, पाणी नको घेऊस फक्त!” तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. खरं सांगू? पत्रात मी तुम्हाला काही सुचवलं नव्हतं, कारण मला काही सुचलंच नव्हतं. फाटकाशी तुमचा चेहरा पाहिला आणि सुचलं.

मी म्हटलं, “थांबा. नेम आहे तसा त्याला उताराही आहे.”

गौरव म्हणाला, “कसला उतारा?”

“समुद्र ओलांडून आलेल्या आईला नवव्या महिन्यात मुलीच्या सासूने स्वतःच्या हाताने घास भरवला, की नेम सुटतो. कायमचा. माझ्या माहेरी मुलुंडला लहान पोरांनाही ठाऊक आहे.”

“आई, तू तर म्हणतेस की असल्या प्रथा म्हणजे...”

“तू चमचा आण.”

चमचा आला. श्रीखंड होतंच, आणि वेलदोडा या वेळी मी स्वतः कुटला होता. तुम्ही तोंड उघडलंत. आजूबाजूच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने तर विचारलं, हे शास्त्रात कुठे आलंय? मी म्हटलं, शोधा, सापडेल.

प्रांजली मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती आधी तुमच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. ती हुशार मुलगी आहे, दिवसभर यंत्रांतल्या चुका शोधते. थोड्या वेळाने म्हणाली, “मग हॉटेल कॅन्सल करू?” मी म्हटलं, “कर.” ती म्हणाली, “केलं होतंच सकाळी.”

व्हिसा नाकारल्याच्या त्या दोन पाकिटांबद्दल तिला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. माझ्या तोंडून जाणार नाही. जयप्रकाशला विचारलंत तर त्याला अजून माहीत नाही आपण कशावर सही केली.

मी बाळ होईपर्यंत बेस्टला फिरकणार नाही. तुम्हाला मोजके दिवस मिळालेत, त्यात वाटेकरी नको. मला इथून ट्रेनने केव्हाही येता येतं.

एक सांगायचं राहिलं. नेझवर वारा सुटला तेव्हा तुम्ही तुमचं निळं जाकीट काढून माझ्या अंगावर घातलंत, आणि मी ते तसंच घालून बोटीत चढले. तुम्ही कधी मागितलं नाहीत. गौरवच्या दाराआड खुंटीवर टांगून ठेवलंय. त्याची चेन अर्ध्यातच अडकायची, ती आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून नवी बसवून घेतली. आता गळ्यापर्यंत वर जाते. सकाळी इथे गार असतं. घालून प्रांजलीला जरा कालव्याकाठी चालवून आणा.

शर्मिला